बूट आखूड झाला का?

(आकाशवाणीवर प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

मुंबईत हाजी अलीला जाणाऱ्या माणसाला समुद्रातला दर्गा दिसतो. पाण्यातून गेलेली ती वाट, भरती-ओहोटी, दोन्ही बाजूंचे फकीर, परतताना फळांच्या रसाची दुकानं. रस्त्याच्या अलीकडे काय आहे, याकडे सहसा कोणी पाहत नाही. आमच्या घरात मात्र 'हाजी अली' या शब्दाचा पहिला अर्थ दर्गा असा नव्हता. आमच्यासाठी हाजी अली म्हणजे दवाखाना. 'अब हाजी अली जाना पडेगा' असं अम्मी म्हणाली की आम्ही काय ते समजायचो. आपाचा बूट आखूड झाला होता.

आपा माझी मोठी बहीण, माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी. आम्ही बार्शीचे. अब्बा शिंपी. १९६९ साली, म्हणजे माझ्या जन्माच्या आदल्या वर्षी, आपाला ताप आला. दोन वर्षांची पोर. गल्लीतल्या एका कंपाउंडरनं तिला सुई टोचली. ताप उतरला, पण चौथ्या दिवशी उजवा पाय लुळा पडला. पोलिओचा विषाणू शरीरात असताना स्नायूत इंजेक्शन दिलं तर त्याच अवयवाला लकवा होण्याची भीती वाढते, ही गोष्ट जगातल्या डॉक्टरांना १९५०च्या सुमारास उमगली होती. आमच्या गल्लीपर्यंत यायला तिला फार वर्षं लागली. अम्मी मात्र मरेपर्यंत म्हणायची, 'मैंच लेके गई थी उसको सुई के वास्ते.' तिला किती वेळा समजावलं असेल, पण आईची समजूत पुस्तकानं पटत नाही.

आपा सहा वर्षांची झाली तरी शाळेत नव्हती. अब्बा तिला उचलून एका शाळेत घेऊन गेले होते. मुख्याध्यापक वाईट नव्हते. ते म्हणाले, 'मास्तर, पडली-बिडली तर जबाबदारी कोणाची? चालायला लागली की आणा.' यातली गंमत अशी की त्याच शाळेचे गणवेश अब्बा शिवत होते. जूनच्या आधी आमच्या घरात खाकी चड्ड्या आणि निळे स्कर्ट यांचे ढीग पडत. आपा त्या ढिगांवर बसून काज-बटणं करायची. शेकडो मुलींच्या स्कर्टची बटणं लावणाऱ्या पोरीला स्वतःचा स्कर्ट नव्हता.

गणवेशाचं कापड ज्या दुकानातून यायचं, ते शेठ एकदा घरी आले. त्यांनी ढिगावर बसलेली आपा पाहिली. काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी अब्बांना दुकानात बोलावलं आणि सांगितलं, 'मुंबईला हाजी अलीला मुलांचा दवाखाना आहे. पोरीला घेऊन जा. गाडीभाडं आणि बुटाचं मी बघतो.' अब्बा स्वाभिमानी. म्हणाले, 'शेठ, मजुरीतून कापून घ्या.' शेठ म्हणाले, 'कापू की.'

१९७४ साली आम्ही चौघे निघालो. कुर्डुवाडीपर्यंत छोटी गाडी, तिथून मोठी. मी चार वर्षांचा, त्यामुळे त्या प्रवासातलं फक्त इंजिनाच्या कोळशाचं डोळ्यात गेलेलं कण मला आठवतं. बाकी सगळं ऐकलेलं. अम्मीला आधी दर्ग्यात जायचं होतं, अब्बांना आधी दवाखान्यात. भरती होती, वाट पाण्याखाली होती, म्हणून दवाखाना आधी झाला. परत आलो तेव्हा आपाच्या पायात कॅलिपर होता. आमच्याकडे त्याला सळ्यांचा बूट म्हणत. दोन बाजूंना लोखंडी सळ्या, मांडीला आणि पोटरीला चामडी पट्टे, गुडघ्याला कडी, खाली जाड तळाचा काळा बूट. त्याचा खट् खट् आवाज घरभर ऐकू यायचा. पुढच्या जूनमध्ये आपा त्याच शाळेत पहिलीत बसली. वय वर्षं आठ, वर्गात सगळ्यांत उंच.

पण मूल वाढतं, आणि लोखंड वाढत नाही. दीड वर्षात सळी आखूड पडली, पट्टा मांडीला करकचून रुतायला लागला. नवं माप, नवा बूट, पुन्हा मुंबई. असं अठरा वर्षांची होईपर्यंत चाललं. मधे १९७६ साली टाचेच्या शिरेचं ऑपरेशन झालं तेव्हा आपा दोन महिने तिथेच राहिली. ती सांगते, वॉर्डात रोज एक बाई शिकवायला यायच्या. प्लॅस्टरमधल्या पोरांच्या पलंगांमधून फिरत पाढे म्हणून घ्यायच्या. आपाचे एकोणतीसपर्यंतचे पाढे तिथे पाठ झाले. घरात आजही हिशेब तीच करते.

तो दवाखाना कोणी काढला, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. नळाला पाणी येतं तेव्हा नळ कोणी बसवला हे कोण विचारतो? या भाषणाची तयारी करताना शोधलं, तेव्हा नाव सापडलं: फातेमा इस्माईल. खरं सांगतो, लाज वाटली. मी पन्नाशी ओलांडलेला मुसलमान माणूस, तीसेक वर्षं मराठीत कविता लिहितो, व्यासपीठांवर मुसलमान स्त्रीच्या दुःखावर बोलतो. आणि माझ्या बहिणीला उभं करणाऱ्या बाईंचं नाव मला ठाऊक नव्हतं.

फातेमाबाई मुंबईच्या सोबानी या श्रीमंत व्यापारी घराण्यातल्या. त्यांचे भाऊ उमर सोबानी हे गांधीजींचे सहकारी. ३१ जुलै १९२१ रोजी परळला एल्फिन्स्टन मिलच्या आवारात परदेशी कापडाची मोठी होळी झाली, ते आवार उमर सोबानींचं. शाळेच्या पुस्तकात होळी असते, जागा कोणाची ते नसतं. असो. तर अशा घरातल्या फातेमाबाईंच्या लहान मुलीला पोलिओ झाला. घरात पैसा होता, ओळखी होत्या, मोटार होती. तरीही मुलीसाठी त्यांना मद्रास गाठावं लागलं. तिथे अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. एम. जी. किणी होते, त्यांच्याकडे उपचार सुरू झाले.

हे उपचार म्हणजे एक गोळी किंवा एक ऑपरेशन नव्हे. त्या काळी लकवा झालेला अवयव महिनोन्‌महिने फळ्यांमध्ये किंवा प्लॅस्टरमध्ये जखडून ठेवायची पद्धत होती. ऑस्ट्रेलियातल्या एलिझाबेथ केनी नावाच्या परिचारिकेनं याच्या उलट सांगितलं: स्नायूंना गरम लोकरी कापडाचा शेक द्या, हलवा, मुलाला त्याचा पाय पुन्हा ओळखू द्या. डॉक्टरमंडळी तिच्यावर चिडली, पण १९४०नंतर अमेरिकेत तिची पद्धत पसरली आणि व्यायामोपचारांचं महत्त्व वाढलं. पद्धत कोणतीही धरा, एक गोष्ट सारखी होती. रोज कोणीतरी त्या पायाला हात लावायला हवा. रोज, आणि वर्षानुवर्षं. श्रीमंताच्या घरी हे जमेल. शिंप्याच्या घरी?

फातेमाबाईंना हा प्रश्न पडला, हे त्यांचं मोठेपण. आपली मुलगी सांभाळून गप्प बसता आलं असतं. १९४७ साली, देशात दुसरंच रण माजलेलं असताना, त्यांनी मुंबईत अशा मुलांसाठी 'सोसायटी फॉर द रिहॅबिलिटेशन ऑफ क्रिपल्ड चिल्ड्रन' ही संस्था उभी केली. प्रसिद्ध सर्जन डॉ. ए. व्ही. बाळिगा यांनी सुरुवातीला आपली जागा दिली. पुढे हाजी अलीला मुलांचं अस्थिरोग रुग्णालय झालं. संस्थेच्या नावातला 'क्रिपल्ड' हा शब्द आज कानाला टोचतो, पण त्याच नावातला 'रिहॅबिलिटेशन' हा शब्द मला महत्त्वाचा वाटतो. 'ट्रीटमेंट' नव्हे. पोर बरं करून घरी पाठवलं की काम संपलं, असं त्यांनी मानलं नाही. सरकारनं १९५८ साली त्यांना पद्मश्री दिली, १९७८ साली त्या राज्यसभेत गेल्या. एवढं असून मराठी वाचकाला त्या ठाऊक नाहीत. मी इतरांना काय बोलू?

हाच प्रश्न त्याच सुमारास अमेरिकेत वेगळ्या रीतीनं सोडवला जात होता. तिथले राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांना १९२१ साली, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी पायांचा लकवा झाला. पोलिओ असंच निदान झालं. १९३८ साली त्यांच्या पुढाकारानं पोलिओसाठी राष्ट्रीय प्रतिष्ठान निघालं. एडी कँटर नावाच्या विनोदी नटानं रेडिओवरून लोकांना सांगितलं, प्रत्येकानं एक डाईम, म्हणजे दहा सेंटचं नाणं, थेट राष्ट्राध्यक्षांच्या घरी टपालानं पाठवा. लोकांनी पाठवलं. व्हाइट हाउसमध्ये टपालाच्या थैल्यांचे डोंगर झाले, राष्ट्राध्यक्षांची कामाची पत्रं सापडेनात. मोजणी झाली तेव्हा छब्बीस लाख ऐंशी हजार नाणी भरली. १९४६पासून त्या नाण्यावर रूझवेल्ट यांचा चेहरा आहे, तो यामुळे.

मला त्या रकमेपेक्षा तिची रीत आवडते. दरवर्षी जानेवारीत तेच आवाहन, तीच दहा सेंटं. त्या पैशातून गावोगावच्या शाखा पोलिओ झालेल्या मुलांच्या उपचारांचा, कुबड्यांचा, कॅलिपरचा खर्च उचलत. लशीच्या संशोधनालाही तोच पैसा लागला, आणि १२ एप्रिल १९५५ रोजी डॉ. जोनास साल्क यांची लस सुरक्षित आणि परिणामकारक असल्याचं जाहीर झालं.

त्यातही काळं-गोरं होतंच. रूझवेल्ट यांच्या आवडत्या वॉर्म स्प्रिंग्ज इथल्या केंद्रात काळ्या मुलांना घेत नसत. त्यांच्यासाठी १९४१ साली टस्कीगीला वेगळं केंद्र निघालं, तेही बराच आरडाओरडा झाल्यावर. आणि आणखी एक गोष्ट त्यांनी सुरू केली, जी आता आपल्याकडेही आहे. पैसे जमवण्यासाठी दरवर्षी एका कुबडीवाल्या, गोड हसणाऱ्या मुलाचं चित्र देशभर लावायचं. त्या मुलाला पुढच्या वर्षी काय वाटत असेल, जेव्हा भिंतीवर दुसऱ्याचं चित्र येत असेल?

आमच्या शेठनी आपाचा फोटो कधी मागितला नाही. दर दिवाळीला गणवेशाचा हिशेब व्हायचा, तेव्हा आकडे मांडायच्या आधी ते चष्म्यावरून बघत विचारायचे, 'काय मास्तर, बूट आखूड झाला का?' अब्बांनी कधी जाऊन सांगायची वेळ आली नाही. पोर वाढते आहे, हे त्यांनी स्वतःच्या डोक्यात ठेवलं होतं. स्वतःच्या नातवंडांचं ठेवतात तसं.

अब्बा १९९१ साली गेले. शेठ १९९८ साली. शेठ गेल्यावर त्यांच्या मुलानं मला दुकानात बोलावून जुनी लाल खतावणी दाखवली. एका पानावर वर लिहिलं होतं: 'बूट खाते'. खाली आठ नोंदी. १९७४ सालची पासष्ट रुपयांची, शेवटची १९८५ सालची दोनशे चाळीसची. प्रत्येकीत गाडीभाडं वेगळं. आणि मजुरीच्या पानावर एकही रुपया कापलेला नव्हता. अब्बा अखेरपर्यंत समजत होते की त्यांच्या कष्टातून पैसे वळते होत आहेत. हिशेब वर्षाचा एकदम असायचा आणि त्यांची आकडेमोड बेताची. खतावणी बघून मला भरून आलं. खोटं कशाला सांगू, थोडा रागही आला. अब्बांना सांगायला हवं होतं असं वाटलं. मग वाटलं, सांगितलं असतं तर अब्बांनी दुसरा बूट घेतला असता का? या प्रश्नाचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

आमच्यात जकात आहे. वर्षभर शिल्लक राहिलेल्या संपत्तीवर शंभरामागं अडीच. बहुतेक लोक ती रमजानमध्ये काढतात. मी जकातीवर बोट ठेवत नाही, तिनं कितीतरी चुली पेटल्या आहेत. पण रमजानमध्ये दारापुढे रांग लागते, रांगेत जो दिसतो त्याला मिळतं, ईद झाली की रांग मोडते. आपाचा बूट रमजान बघून आखूड होत नव्हता. हेच गणपतीतल्या मंडळाच्या मदतीचं, आणि वाढदिवसाला वॉर्डात फळं वाटणाऱ्या पुढाऱ्याचं. एकदा देण्याची आपल्याला सवय आहे. देत राहण्याची सवय वेगळी.

पोलिओ आता गेला. १९९५ साली पल्स पोलिओ मोहीम सुरू झाली, घरोघर दोन थेंब पोचले. देशातला शेवटचा नैसर्गिक पोलिओचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधल्या हावडा जिल्ह्यात सापडला, आणि २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त झाल्याचं प्रमाणपत्र जागतिक आरोग्य संघटनेनं दिलं. हाजी अलीच्या त्या जागेवर २०१७ साली मुलांचं नवं मोठं रुग्णालय सुरू झालं. सळ्यांचा बूट आजच्या पोरांना दाखवावा लागेल.

पण सतत दुखणं घेऊन वाढणारी मुलं कुठे गेली? दुखण्यांची नावं तेवढी बदलली. थॅलेसेमिया झालेल्या मुलाला दर दोन-चार आठवड्यांनी रक्त लागतं, जन्मभर. त्या रक्तानं अंगात लोह साचतं, ते काढायला रोज औषध लागतं. एचआयव्ही घेऊन जन्मलेल्या मुलाला रोज न चुकता गोळ्या घ्याव्या लागतात. १ एप्रिल २००४पासून या गोळ्या सरकारनं मोफत द्यायला सुरुवात केली, म्हणून अशी कितीतरी मुलं मोठी झाली. पण गोळी फुकट मिळाली तरी तालुक्याहून जिल्ह्याला जायचं भाडं, बुडालेली मजुरी आणि शाळेत बाकावर शेजारी बसायला तयार असलेलं पोर, हे कोणत्या औषधालयात मिळतं? १९९५च्या अपंगत्वाच्या कायद्यात सात प्रकार होते. २०१६च्या कायद्यात एकवीस झाले, त्यात थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल आले. एचआयव्ही असलेल्या मुलाला शाळेनं नाकारू नये, असं २०१७चा कायदा सांगतो. म्हणजे आमच्या मुख्याध्यापकांचा 'जबाबदारी कोणाची?' हा प्रश्न कागदावर तरी सुटला आहे.

सरकारही दरमहा देतं. महाराष्ट्रात बालसंगोपन योजना आहे. अनाथ आणि निराधार मुलांबरोबर गंभीर आजार असलेली मुलंही तिच्यात बसतात. महिन्याला ४२५ रुपये मिळायचे, २०२१ साली ते ११०० झाले, २०२३ साली २२५०. दरमहा ही कल्पना मला पटते. ती दिवाळीच्या हिशेबाहून बरी. पण ती अठराव्या वर्षी संपते. आजाराला वय कळत नाही.

इथे मला स्वतःबद्दल सांगायला हवं, नाहीतर वरचं सगळं बोलण्याचा मला अधिकार नाही. २०११ साली एका संस्थेमार्फत मी थॅलेसेमिया असलेल्या एका मुलाच्या शाळेचा आणि येण्याजाण्याचा खर्च उचलला. तेव्हा तो चौथीत होता. माझी नोकरी बरी होती. पहिल्या वर्षी मी चेकबरोबर पत्र पाठवलं, पत्रात चार ओळी कवितेच्या. संस्थेकडून प्रगतिपुस्तक यायचं, रक्त चढवल्याच्या तारखा यायच्या. दोन वर्षं नीट चाललं. तिसऱ्या वर्षी माझी बदली झाली, घर लावण्यात जून निघून गेला. संस्थेचं एक स्मरणपत्र आलं. ते वाचून मला चक्क राग आला, की मी काय कर्जदार आहे का? टेबलाच्या खणात टाकलं. मग विसरलो. विसरलो म्हणणंही खरं नाही. आठवण आली की लाज वाटायची, आणि लाज वाटली की पुढे ढकलायचो.

२०१९ साली एका साहित्य मेळाव्यात तो मला भेटायला आला. उंचीनं कमी, रंग फिकट, डोळे हुशार. झेरॉक्सच्या दुकानात काम करत होता. आठवीनंतर शाळा सुटली होती. माझ्यामुळेच सुटली असं तो म्हणाला नाही, आणि तसं असेलच असं नाही. आजार वाढला होता, वडिलांचं काम गेलं होतं. दर तीन आठवड्यांनी रक्त मात्र चुकवत नव्हता. तो एवढंच म्हणाला, 'सर, तुमची पत्रं आईनं ठेवलीत. नंतर आली नाहीत ना, मला वाटलं तुम्हाला काही झालं की काय.'

आमच्या शेठना बारा वर्षांत कधी दिवाळी चुकली नाही. त्यांचं दुकान एकदा आगीत अर्धं जळालं होतं, त्या वर्षाचीही नोंद खतावणीत आहे.

तो मुलगा आता मुक्त विद्यालयातून दहावीला बसला आहे. फॉर्मचे पैसे मी भरले. यात सांगण्यासारखं काही नाही. मधली सहा वर्षं त्यातून भरून निघत नाहीत. महिन्याच्या एक तारखेला त्याला फोन करतो. कधी तो रक्त घेत असतो, तेव्हा हळू आवाजात बोलतो.

आपा बार्शीतच आहे. काज-बटणांवरून शिवणकामावर आली, मग शिवणाचा वर्ग काढला, आता तिच्या हाताखाली सहा मुली आहेत. अठराव्या वर्षी वाढ थांबली तेव्हा बूट बदलणं थांबलं, पण गेल्या काही वर्षांत चांगल्या पायातलंही बळ कमी होऊ लागलं आहे. पोलिओ झालेल्यांना उतारवयात असा त्रास होतो, असं डॉक्टर म्हणाले. नवा कॅलिपर प्लॅस्टिकचा आहे, हलका, आवाज न करणारा. तिला तो आवडत नाही. म्हणते, 'चलती है तो मालूमच नहीं पडता.' परवा माप द्यायला घेऊन गेलो, तर तिनं टेप स्वतःच काढली, स्वतःच मापलं आणि आकडा सांगितला. शिंप्याची मुलगी आहे. कारागिरानं पुन्हा मापून पाहिलं. बरोबर होतं.